तापाचा जमाखर्च

माणूस गेला की त्याचे खाते बंद होते. बँकेच्या नोकरीत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा नियम तोंडपाठ. पण काही थोर माणसांची खाती अशी विलक्षण असतात की खातेदार जाऊन चार-पाच दशके लोटल्यावर त्यांत रक्कम जमा होऊ लागते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद डॉ. विल्यम कोली यांचे खाते त्यातलेच. हे गृहस्थ १९३६ साली वारले. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध उभी करणाऱ्या उपचारांचे जनक म्हणून आज जगभर त्यांचे नाव घेतात. हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा संशयच अधिक आला.

कोलींचा जन्म १८६२ सालचा, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला. येलची पदवी, हार्वर्डचे वैद्यकीय शिक्षण आणि मग न्यूयॉर्कचे मोठे रुग्णालय, असा सरळ रस्ता होता. १८९० मध्ये त्यांच्याकडे एलिझाबेथ डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी आली. घरचे तिला बेसी म्हणत. तेलसम्राट रॉकफेलर यांच्या मुलाची ती जिवलग मैत्रीण. उजव्या हाताला लागल्याचे निमित्त झाले होते आणि दुखणे हटत नव्हते. ते निघाले सार्कोमा, म्हणजे हाडामांसात होणारा कर्करोग. कोलींनी कोपराखालून हात काढला. तरीही रोग अंगभर पसरला आणि १८९१ च्या जानेवारीत पोर गेली.

डॉक्टरांना मृत्यू नवा नसतो. पण अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या या तरुण डॉक्टराला तो फार लागला. ताळा जमला नाही की आम्ही बँकवाले जे करतो तेच त्यांनी केले. रुग्णालयाची जुनी दप्तरे काढली आणि सार्कोमाच्या नोंदी वाचत बसले. त्यांत त्यांना स्टाइन नावाचा एक गरीब जर्मन स्थलांतरित सापडला. त्याच्या मानेवरची गाठ पुनःपुन्हा कापली तरी पुनःपुन्हा उगवत होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशात जखमेत धावरे झाले. वैद्य ज्याला विसर्प म्हणतात तोच हा रोग. कातडी लालबुंद होते, सडकून ताप भरतो. ताप उतरला तेव्हा गाठ विरघळलेली होती!

नोंद तिथे संपत होती. पुढे त्या माणसाचे काय झाले? कोली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या चाळी पालथ्या घालू लागले आणि सुमारे सात वर्षांपूर्वीचा तो रुग्ण त्यांना ठणठणीत सापडला.

मग त्यांनी जे केले ते करायची परवानगी आज कोणी देणार नाही. १८९१ मध्ये मरणपंथाला लागलेल्या एका इटालियन रुग्णाला त्यांनी मुद्दाम धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. बऱ्याच खटपटींनंतर एकदाचा जोराचा ताप भरला. गाठी फुटून ओसरल्या आणि तो माणूस त्यानंतर कित्येक वर्षे जगला. पण हा विस्तवाशी खेळ होता. दोन रुग्ण त्या तापानेच दगावले. तेव्हा कोलींनी मारलेल्या जंतूंचे मिश्रण तयार केले. कोलींचे टॉक्सिन म्हणून पुढे ते ओळखले गेले. १८९३ च्या जानेवारीत पोटात मोठी गाठ असलेल्या एका तरुणाला ते द्यायला सुरुवात झाली. काही महिन्यांत गाठ जिरली. सव्वीस वर्षांनी तो गेला, तोही हृदयविकाराने.

इतके असूनही जगाने त्यांना मानले का नाही? इथे माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो. कोली जातिवंत शल्यविशारद होते, पण त्यांचे दप्तर कच्चे होते. टॉक्सिनचे निदान तेरा प्रकार झाले आणि प्रत्येकाची ताकद निराळी. कोणाला गाठीत टोचले, कोणाला गाठीपासून दूर. कोणाला महिनोन्महिने दिले, कोणाला मोजके डोस. काहींची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेलीसुद्धा नव्हती. मुख्य म्हणजे हा गुण येतो कशाने, हे खुद्द कोलींनाही सांगता येत नव्हते. त्यातच रेडियमचा जमाना आला. त्यांच्याच रुग्णालयातले मातब्बर विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग किरणोपचारांच्या बाजूने ठाम उभे राहिले. किरणांची मात्रा मोजता येत होती, तापाची येत नव्हती. कोली गेले तेव्हा त्यांची विद्या अडगळीत पडल्यातच जमा होती.

ती अडगळ उपसली त्यांच्या लेकीने. हेलन कोली नॉट्स यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्यांनी कागदपत्रे उघडली आणि हजाराच्या आसपास रुग्णांचा माग काढत वर्षानुवर्षे एकेक नोंद पडताळली. कोणाला काय दिले, ताप किती चढला, माणूस किती जगला. याला मी लेखापरीक्षणच म्हणतो. १९५३ मध्ये रॉकफेलर घराण्यातल्याच नेल्सन यांच्या दोन हजार डॉलरच्या मदतीने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था काढली.

पुढे या संस्थेचे शास्त्रीय सूत्रधार झालेले डॉ. लॉइड ओल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७५ मध्ये त्या गुणाचे एक मोठे कारण शोधले. जंतूंच्या अंशाने डिवचलेल्या उंदरांच्या रक्तात एक पदार्थ तयार होतो आणि तो दुसऱ्या उंदरांतल्या गाठी मारतो. त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ, हे नाव मिळाले. हे एक प्रथिन. शत्रू आत आल्याची दवंडी पेशींमध्ये पिटणारे. दाह, सूज, ताप ही त्या दवंडीची फळे.

१९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या या प्रथिनाचे जनुक वेगळे काढून ई. कोलाय या जंतूत घातले आणि जंतूंकडूनच ते बनवून घेतले. असे रिकॉम्बिनंट टीएनएफ आज जगभरच्या प्रयोगशाळांत इवल्या कुपीत, पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते. संशोधक ते विरघळवून लहान लहान नळ्यांत वाटतात आणि उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवतात. पुनःपुन्हा वितळवले तर त्याची ताकद जाते. पेशींवर टाकायचे तेही ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजून. प्रत्येक खेपेची ताकद ठरावीक पेशींवर तपासलेली असते. ज्या जंतूंनी ते बनवले त्यांचे विष मागे राहिलेले नाही ना, हेही पाहावे लागते. ते राहिले तर पेशी त्यालाच प्रतिसाद देतील आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर चढेल. कोलींच्या मिश्रणात नेमके हेच कळत नव्हते.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. १९८५ मध्ये कळले की रोग्याला खंगवणारे, रक्तदाब कोसळवणारे म्हणून ज्याचा वेगळा शोध चालला होता, ते प्रथिनही हेच! रुग्णांच्या शिरेतून टीएनएफ देऊन पाहिले तेव्हा गाठीआधी माणूसच कोसळेल अशी वेळ आली. मग डॉक्टरांनी तोड काढली. रोगी हाताचा किंवा पायाचा रक्तप्रवाह शरीरापासून तात्पुरता तोडायचा, तेवढ्याच भागात टीएनएफ आणि कर्करोगाचे औषध फिरवायचे आणि धुऊन काढायचे. या उपचाराला १९९९ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, ती हातापायांतल्या सार्कोमासाठी. उद्देश हा, की अवयव कापावा लागू नये. हे वाचताना मला बेसीचा हात आठवल्याशिवाय राहिला नाही.

कुपीतल्या त्या भुकटीचा आणखी एक उपयोग झाला. टीएनएफ पेशींत काय घडवते हे मोजून कळल्यावर त्याला अडवणारी औषधे पारखता आली. त्यातले पहिले १९९८ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या विकारासाठी मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी आमवातासाठी. आपल्याकडेही वाकड्या झालेल्या बोटांचे कितीतरी रुग्ण ही इंजेक्शने घेतात. त्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात, कारण दबून बसलेला क्षय कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते. पहारेकरी हटवला की चोर बाहेर.

कोलींनी यातले काहीच पाहिले नाही. त्यांची नजर खरी होती, हे आज कोणी नाकारत नाही. पण नुसत्या खऱ्या नजरेवर जगाचा व्यवहार चालत नाही. तिला लेकीने तपासलेली वही लागली आणि अब्जांशात मोजता येणारी चिमूटभर भुकटी लागली. तोवर पंचेचाळीसहून अधिक वर्षे त्यांची ठेव कोणीही न काढता पडून होती.