आठ तासांचा कमिसार

अलेक्झांडर श्ल्यापनिकोव्ह यांचे बालपण कारखान्याच्या भोंग्याने लवकरच संपवले. १८८५ मध्ये रशियातील मूरोम येथे, 'जुन्या श्रद्धे'च्या गरीब कुटुंबात ते जन्मले. वडील अकाली बुडून मरण पावले आणि कोवळ्या वयातच त्यांना मजुरी धरावी लागली. पुढे पीटर्सबर्गमध्ये संपात भाग घेतल्याबद्दल नोकरी गेली, तुरुंगवास घडला. १९०८ पासून काही वर्षे त्यांनी पश्चिम युरोपातील कारखान्यांत धातुकामगार म्हणून काढली.

१९१७ च्या क्रांतीनंतर या कामगाराकडेच कामगार खाते आले. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. सत्तांतरानंतर चारच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी सहा तासांचा दिवस ठरला.

परंतु यादवी, उपासमार आणि बंद पडणारे कारखाने यांपुढे कागदावरचे तास टिकेनात. १९१८ च्या मार्चमध्ये रेल्वेतील अनागोंदी पाहून खुद्द श्ल्यापनिकोव्ह यांनीच कठोर शिस्तीचा आग्रह धरला. मात्र ही शिस्त कोणी लावायची, या प्रश्नावर त्यांचे पक्षाशी बिनसले. उत्पादनाची सूत्रे कामगार संघटनांच्या हाती असावीत, असे 'कामगार विरोधी गटा'चे नेते म्हणून त्यांनी मांडले. १९२१ च्या दहाव्या पक्ष अधिवेशनात हा विचार धिक्कारला गेला. १९३३ मध्ये पक्षातून हकालपट्टी, १९३५ मध्ये अटक आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळी, असा त्यांचा शेवट झाला.

कायद्याची कहाणी मात्र तेथे थांबली नाही. १९२७ मध्ये राज्यकर्त्यांनी सात तासांच्या दिवसाची घोषणा केली होती. २६ जून १९४० च्या हुकमाने दिवस पुन्हा आठ तासांचा झाला, सुटी सात दिवसांनी एकदा आली. परवानगीवाचून नोकरी सोडणाऱ्यास दोन ते चार महिने कैद होती. वीस मिनिटांहून अधिक उशीरही गुन्हा ठरला आणि त्यापायी सहा महिन्यांपर्यंत पगाराचा चौथा हिस्सा कापला जाऊ लागला. ही फौजदारी तरतूद १९५६ मध्ये रद्द झाली. श्ल्यापनिकोव्ह यांना न्यायालयाने १९६३ मध्ये निर्दोष ठरवले, पक्षाने त्यासाठी १९८८ उजाडू दिले.

तास ठरवणारा कायदा कामगाराचा असतो की सत्तेचा, हे तो मोडणाऱ्याला होणाऱ्या शिक्षेवरून कळते. १९१७ मध्ये त्या शिक्षेचा धाक मालकाला होता, १९४० मध्ये तो कामगाराला झाला.