खोपा विणतो नर, मुहूर्त ठरवतो पाऊस

पाऊस सुरू झाला की वऱ्हाडात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे झुलू लागतात. हे खोपे विणतो नर, आणि तोही एकावर थांबत नाही, हे बारकाईने मांडले डॉ. सलीम अली यांनी.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे आईवडील लहानपणीच गेले. मामांनी त्यांना वाढवले. पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये ते जर्मनीहून परतले, तेव्हा हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी तो पावसाळा सुगरणीच्या खोप्यांवर नजर ठेवण्यात घालवला. नर अर्धा खोपा विणतो. मादीने पसंत केला तरच पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की दुसरा विणायला घेतो.

विणायला गवताची हिरवी पाती आणि पिलांना भरवायला किडे पावसासोबतच येतात. पाऊस लांबला की विणीचा हंगामही लांबतो, पिलांची संख्या घटू शकते.

२० जून १९८७ रोजी ते गेले. पाऊस आपल्या हाती नाही. विहिरीवरची बाभूळ मात्र राखता येते.