डोळ्याच्या आत पाहणारे हेल्महोल्ट्झ

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीबरोबर तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आजीला शुगर आहे. उजव्या डोळ्याने तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली होती. डॉक्टरांनी उजेडाचं छोटं यंत्र धरून तिच्या डोळ्यात पाहिलं. ही युक्ती पहिल्यांदा कोणी काढली, असं मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं ते मला म्हणताच येईना! मग गुरुजींनी माहिती काढून दिली, ती लिहीत आहे.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पोट्सडाम येथे झाला. वडील शिक्षक होते. हर्मनना पदार्थविज्ञान शिकायचे होते, पण घरी तेवढा पैसा नव्हता. सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायच्या अटीवर वैद्यकीचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळे. म्हणून ते डॉक्टर झाले. पुढे १८४९ साली ते कोनिग्जबर्ग येथे प्राध्यापक झाले.

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? दिव्याचा उजेड आत जातो आणि आल्या वाटेनेच दिव्याकडे परत फिरतो. तो बघायला आपण मध्ये डोकं घातलं की उजेडच अडतो. हेल्महोल्ट्झ यांनी दिवा बाजूला ठेवला आणि काच तिरपी धरली. खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं आणि बाहेरचं झाडही दिसतं ना, तसंच. काचेवरून वळून उजेड डोळ्यात गेला आणि परत येताना थोडा काचेतून आरपार त्यांच्याकडे आला. पुठ्ठा, डिंक आणि काचेचे तुकडे, एवढ्यावर हे यंत्र झाले! जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा त्यांना दिसला. १८५० च्या डिसेंबरात त्यांनी हे बर्लिनच्या शास्त्रज्ञांना कळवले.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये गणकयंत्रवाल्या बॅबेज यांनी १८४७ सालीच असे यंत्र केले होते, पण डॉक्टरांनी ते मनावर घेतले नाही. मला त्यांचं वाईट वाटलं. बर्लिनचे डॉक्टर ग्रेफे यांनी मात्र हेल्महोल्ट्झ यांचे यंत्र लगेच वापरले. काचबिंदूने आतली नस कशी खोलगट होते, ते त्यामुळे कळू लागले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ वारले.

१९९१ साली अमेरिकेत ओसीटी नावाची तपासणी निघाली. तीही परत आलेला उजेडच मोजते, पण त्यावरून पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात, चिरलेल्या कांद्यासारखे. आजीची तीच तपासणी केली. हनुवटी टेकवून बसायचं, काही दुखत नाही. फोटोत पडद्याला सूज दिसली. आजी म्हातारपण समजून सहा महिने गप्प बसली होती. डोळ्यात इंजेक्शन दिलं. दुसऱ्या फोटोत सूज थोडी उतरली आहे. संक्रांतीनंतर तिसरा फोटो आहे. तोवर आजी रोज सकाळी डावा डोळा झाकून दाराची चौकट बघते.

— इयत्ता ७ वी