डॉक्टर होमी भाभा आणि वेगवान कण

डॉक्टर होमी जहांगीर भाभा ह्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते. मुलाने केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम पाहावे, अशी त्यांची इच्छा. १९२७ साली मुलगा गेला खरा, पण त्याचे मन पदार्थविज्ञानात गुंतले, आणि त्याने तसे घरी स्पष्ट लिहून कळविले. वडिलांनी अट घातली की, यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळाल्यास पुढे गणित शिकण्यास हरकत नाही. १९३० साली मुलाने ती पुरी केली. आमच्या पालकवर्गापैकी कित्येकांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला असेल, म्हणून तो येथे मुद्दाम दिला आहे.

१९३२ साली केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉक्रॉफ्ट व वॉल्टन ह्यांनी काही लाख व्होल्टांच्या विद्युद्दाबाने हायड्रोजनचे विद्युद्भारित अणू, म्हणजे आयन, वेगाने फेकून लिथियमचा अणुगर्भ फोडला. भाभांनी निराळी वाट धरली. यंत्राने दिलेल्या शक्तीहून कितीतरी अधिक शक्तीचे कण विश्वकिरणांच्या रूपाने आकाशातून अखंड येत असतात. असा कण पदार्थातून जाताना एकातून अनेक कणांची सर कशी कोसळते, ह्याचे गणित त्यांनी हाइटलर ह्यांच्यासह १९३७ साली मांडले.

१९३९ साली ते सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परत जाणे राहिले. ते बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत काम करू लागले. परदेशी मोठी पदे मिळण्याजोगी असताही, येथेच उच्च संशोधनाची शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. १९४४ साली त्यांनी टाटा विश्वस्तांस तसे पत्र लिहिले आणि पुढील वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. अणुशक्तीचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या सभेस जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले व त्यांचा अंत झाला. वय अवघे ५६ वर्षांचे होते.

पहिला लेसर १९६० साली प्रकाशला, परंतु त्याचा पुढचा पराक्रम भाभांस पाहावयास मिळाला नाही. कुलाब्यास आयनांना वेग देणारे १४० लाख व्होल्टांचे पेलेट्रॉन यंत्र १९८८ साली सुरू झाले. ते उंच मनोऱ्यात उभे आहे. लेसरचे काम मात्र केसाहूनही पुष्कळ पातळ पत्र्यावर भागते. आमच्या खारेपाटणचा रट्टराजाचा ताम्रपट त्यापुढे भिंतीसारखा जाड म्हणावा लागेल! सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारा प्रखर झोत पत्र्यावर पडला की इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात. मागे राहिलेला धनभार व पुढे धावलेले इलेक्ट्रॉन ह्यांच्यामध्ये दर मीटरला सुमारे एक लाख कोटी व्होल्टांचे क्षेत्र उत्पन्न होते, आणि पत्र्याच्या पाठीवरील आयन त्या ओढीने सुसाट सुटतात. मनोऱ्याचे काम केसभर अंतरात उरकते. मात्र सर्व आयन एकाच वेगाचे मिळत नाहीत, ही अडचण आहे.

भाभांच्या संस्थेत अशा लेसरची प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनी आर्गॉन वायूच्या अणुपुंजांवर झोत टाकून आयनांना वेग दिला व वाटेतच त्यांना इलेक्ट्रॉन परत मिळवून देऊन भाररहित वेगवान अणू निर्माण केले. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले.