जॅक ब्लॅकबर्न : जगज्जेत्याचा वस्ताद

मुष्टियुद्धाची लढत पाहणाऱ्यांचे डोळे रिंगणाच्या मध्यभागी खिळलेले असतात. कोपऱ्यात, दोरांच्या बाहेर, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे सहसा कोणी पाहत नाही. तीन मिनिटांची एक फेरी संपली की त्याच्या वाट्याला अवघे एक मिनिट येते. तेवढ्या अवधीत त्याने शिष्याचे तोंड पुसायचे, रक्त थांबवायचे, प्रतिस्पर्ध्याचे वर्म सांगायचे आणि घंटा होण्यापूर्वी पुन्हा दोरांबाहेर जायचे. जो लुई या मुष्टियोद्ध्याचे नाव जगभर गाजले. परंतु १९३४ पासून जवळजवळ आठ वर्षे त्याच्या कोपऱ्यात उभा राहणारा, टक्कल पडलेला, गालावर चाकूच्या वाराचा व्रण असलेला तो उतारवयाचा गृहस्थ कोण, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे नाव जॅक ब्लॅकबर्न.

त्याचे मूळ नाव चार्ल्स हेन्री ब्लॅकबर्न. अमेरिकेतील केंटकी राज्यात व्हर्सेल्स या गावी १८८३ साली त्याचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा पुरती वीस वर्षेही लोटली नव्हती. कृष्णवर्णीय मुलाला जे मोजके मार्ग मोकळे होते, त्यांत मुष्टियुद्ध हा एक होता. आणि तोही पुरता मोकळा नव्हता. इंडियाना राज्यात लढतींना आरंभ करून ब्लॅकबर्न पुढे पिट्सबर्गला व तेथून फिलाडेल्फियाला गेला.

तो अंगाने शिडशिडीत होता. त्याचे वजन १३५ पौंडांच्या आसपास, म्हणजे लाइटवेट गटातील. पण गट पाहून लढण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. ज्याच्याशी लढत जमेल त्याच्याशी लढायचे, मग तो वीस-तीस पौंडांनी भारी का असेना. १९०२ साली लाइटवेट गटाचा जगज्जेता झालेला थोर कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो गान्स याच्याशी तो तीन वेळा लढला. पुढे हेवीवेट गटातही ज्याचा धाक बसला, त्या सॅम लँगफर्डशी त्याची वारंवार गाठ पडली. १९०८ मध्ये त्याने लाइट हेवीवेट गटाचा माजी जगज्जेता फिलाडेल्फिया जॅक ओब्रायन याच्याशी सामना दिला. फिलाडेल्फियात त्या काळी लढती सहा फेऱ्यांच्या असत आणि दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर पंच निर्णयच देत नसे. कोण सरस ठरला हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून समजावयाचे, आणि दोन पत्रांचे एकमत होईलच असे नसे! नोंद झालेल्या त्याच्या लढती दीडशेहून अधिक भरतात. जगज्जेतेपदाने मात्र त्याला कायम हुलकावणी दिली.

येथवरची कथा वाचून कोणाला वाटेल की, या गुणी माणसावर केवळ जगाने अन्याय केला. तसे नाही. ब्लॅकबर्नला दारूचे व्यसन होते आणि त्याचा राग भडकला म्हणजे तो आवरत नसे. १९०९ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात एका भांडणात त्याने पिस्तूल झाडले. त्यात एक मनुष्य मृत्यू पावला व त्या मनुष्याची पत्नी जखमी झाली. मनुष्यवधाबद्दल न्यायालयाने त्याला दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. वयाची पंचविशी नुकतीच उलटलेली, अंगात कौशल्य भरास आलेले, आणि नेमक्या त्याच वेळी तुरुंगाचे दार बंद झाले. त्याच्या जीवनकथेतील हा डाग पुसण्याचे कोणालाच कारण नाही. मेलेल्या माणसाला पुन्हा काही मिळाले नाही, हे आपणही विसरता कामा नये.

तुरुंगात एक विलक्षण गोष्ट घडली. तेथील अधिकाऱ्याला आणि त्याच्या मुलांना ब्लॅकबर्न मुष्टियुद्धाचे धडे देऊ लागला. त्याच्या हातून घडलेले शिक्षकाचे पहिले काम ते हेच असावे. चांगल्या वर्तणुकीमुळे पावणेपाच वर्षांच्या सुमारास त्याची सुटका झाली. बाहेर येऊन तो पुन्हा लढू लागला. १९१५ मध्ये हॅरी ग्रेब या उगवत्या योद्ध्याने त्याला मागे टाकले, तरीही १९२३ पर्यंत त्याने हातमोजे खुंटीला टांगले नाहीत. चाळिशीच्या माणसाने विशीच्या पोरांचे ठोसे खाणे ही काही हौसेची गोष्ट नव्हे. पोटाचा प्रश्न होता.

लढती थांबल्यावर शिकागोच्या व्यायामशाळांत तो शिक्षक म्हणून उभा राहिला. आपल्याकडे लंगोट सोडलेला मल्ल तालमीत वस्ताद होऊन लाल मातीच्या कडेला बसतो, तसाच हा प्रकार. हाती आलेले शिष्य बहुतेक गोरे, कारण जगज्जेतेपदाची संधी त्यांना मिळण्याची शक्यता अधिक. त्याच्या तालमीत तयार झालेला सॅमी मँडेल १९२६ मध्ये लाइटवेट गटाचा जगज्जेता झाला आणि बड टेलरने पुढच्याच वर्षी बँटमवेट गटात जगज्जेतेपद मिळवले. जे स्वतःला मिळाले नाही, ते इतरांच्या हाती पडताना पाहण्याची त्याला अशी सवय होत गेली.

१९३४ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो आणि शिकागोचा ज्युलियन ब्लॅक हे दोन कृष्णवर्णीय गृहस्थ त्याच्याकडे आले. आकड्यांच्या बेकायदा जुगारावर त्यांनी पैसा मिळवला होता. पण एका तरुणाच्या बाबतीत त्यांची दृष्टी अचूक ठरली. अलाबामातील शेतमजुरांच्या कुटुंबात जन्मलेला, डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात राबलेला, वीस वर्षांचा जो लुई हौशी गटात राष्ट्रीय विजेता झाला होता. त्याला व्यावसायिक रिंगणासाठी तयार करावे, अशी त्यांची विनंती होती.

ब्लॅकबर्न राजी होईना. कृष्णवर्णीय हेवीवेट योद्ध्याला भवितव्यच नाही, एखादा गोरा मुलगा असेल तर घेऊन या, असे त्याने स्वच्छ सांगितले. हे बोलणे कडू असले तरी अनुभवाचे होते. १९०८ साली जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. त्याने १९१० मध्ये जेफ्रीज या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवताच अमेरिकेत अनेक शहरांत दंगली उसळल्या. जॉन्सन पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हिणवी, बेफाम राही. त्याच्यावर खटले झाले आणि १९१५ मध्ये त्याचे पद गेले. त्यानंतर एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढू दिले गेले नव्हते. अखेर पगाराची गरज म्हणा किंवा त्या मुलाच्या हातातील ताकद म्हणा, ब्लॅकबर्नने होकार दिला.

शिष्य हाती आला तेव्हा त्याच्यात जोर भरपूर होता, तोल मात्र नव्हता. ठोसा मारताना तो सारे अंग हाताबरोबर पुढे फेकी. नेम चुकला तर पाय सुटे. ब्लॅकबर्नने पायांपासून आरंभ केला. ठोसा हाताने मारला जात नाही. तो टाचेतून निघतो, कमरेच्या फिरकीने वाढतो, खांद्यातून वाहतो आणि मुठीने फक्त पोचवला जातो, असे त्याच्या शिकवणीचे सार होते. म्हणून पाय नेहमी देहाच्या खाली हवेत. उड्या नकोत, जमिनीला घासत, लहान पावलांनी प्रतिस्पर्ध्याच्या जवळ सरकायचे. हात लांब भिरकावायचा नाही. आखूड, सरळ मारायचा. एका ठोशावर थांबायचे नाही. डाव्या हाताने दार उघडायचे, उजव्याने आत शिरायचे, आणि लगेच तिसरा ठोसा तयार. तो वजनदार पिशवीवर तासन्‌तास तेच तेच करून घेई आणि पहाटे धावायला पाठवी. कंटाळवाण्या आवृत्तीतूनच पुढे जी विजेसारखी चपळता दिसली, ती निर्माण झाली.

याखेरीज आणखी एक धडा होता, आणि तो शरीराचा नव्हता. गुणांवर निर्णय करणाऱ्या गोऱ्या पंचांकडून न्याय मिळेल अशी आशाच धरू नये. आपली उजवी मूठ हाच आपला पंच समजावा, हे त्याने लुईच्या मनावर बिंबवले. आणि त्याच वेळी पडलेल्यावर हसायचे नाही, विजयाने फुगायचे नाही, लोकांत सभ्यपणे वागायचे, असे निर्बंध रॉक्सबरोने घातले होते, ते पाळले जातील याकडे लक्ष दिले. स्वतःच्या रागाला कधी वेसण घालू न शकलेला मनुष्य दुसऱ्याला संयम शिकवीत होता. यात विसंगती आहे खरी. परंतु संयम सुटल्यास त्याची किंमत काय पडते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? गुरुशिष्य एकमेकांना चॅपी या एकाच लाडक्या नावाने हाक मारीत.

४ जुलै १९३४ रोजी शिकागोत लुईची पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत संपली. वर्षाअखेर १२ लढती आणि १२ विजय. २५ जून १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर त्याने प्रीमो कार्नेरा या धिप्पाड इटालियन माजी जगज्जेत्याला सहाव्या फेरीत लोळवले. मुसोलिनी इथिओपियावर चढाई करण्याच्या तयारीत होता. त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांत त्या विजयाचा आनंद काही निराळाच होता.

याच वर्षाच्या अखेरीस शिकागोत गोळीबाराचे एक प्रकरण घडून एका वृद्धाचा अंत झाला आणि ब्लॅकबर्नवर पुन्हा मनुष्यवधाचा आरोप आला. पुढील वर्षी तो निर्दोष सुटला; पण जुन्या सावलीने त्याला सोडले नव्हते, एवढे यावरून दिसते.

१९३६ मध्ये जर्मन योद्धा मॅक्स श्मेलिंग याच्याशी सामना ठरला. सततच्या यशाने लुई शिथिल झाला होता. सरावापेक्षा गोल्फकडे त्याचे लक्ष अधिक होते आणि वस्तादाचे रागावणे वाया जात होते. श्मेलिंगने लुईच्या लढतींचे बारकाईने निरीक्षण करून एक दोष हेरला होता. डाव्या हाताने ठोसा मारल्यावर तो हात परत आणताना लुई खाली सोडी. क्षणभर जबडा उघडा पडे. जॅक जॉन्सननेही तो दोष उघडपणे बोलून दाखवला होता. १९ जूनला श्मेलिंगचा उजवा हात त्या उघड्या जागेवर पुनःपुन्हा येऊन आदळला आणि बाराव्या फेरीत लुई कोसळला. ज्याची सारी विद्या तोलाची, त्याच्या शिष्याचा दोष साऱ्या जगाला दिसला. ब्लॅकबर्नने नाराजीत वेळ घालवला नाही. गुरुशिष्य पुन्हा पहिल्या धड्यावर आले : डावा हात जसा जाईल त्याच रेषेत परत. ऑगस्टमध्ये जॅक शार्कीसारख्या माजी जगज्जेत्याला लुईने तिसऱ्या फेरीत गारद केले.

२२ जून १९३७. शिकागोचे कोमिस्की पार्क, समोर जगज्जेता जिम ब्रॅडॉक. पहिल्याच फेरीत लुई खाली पडला आणि तत्काळ उठला. विश्रांतीच्या मिनिटात ब्लॅकबर्नने त्याला शांत केले आणि धीराने लढावयास सांगितले. आठव्या फेरीत लुईच्या उजव्या ठोशाने ब्रॅडॉक आडवा झाला. बावीस वर्षांनी हेवीवेट जगज्जेतेपद पुन्हा कृष्णवर्णीयाकडे आले. ज्या पदाचा मार्ग कायमचा बंद आहे असे ब्लॅकबर्न तीन वर्षांपूर्वी सांगत होता, ते त्याच्याच शिष्याने मिळवले. आणि तेही त्याच्या स्वतःच्या गावात.

बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, श्मेलिंगशी दुसरी गाठ पडली. हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपल्या वंशाभिमानाचे प्रतीक बनवले होते. वस्तुतः तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, आणि युद्धानंतर तो व लुई स्नेही झाले. त्या रात्री लुईने नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ हालचाली करून अंग तापवून घेतले व घामाने निथळतच तो रिंगणात उतरला. अवघ्या १२४ सेकंदांत लढत संपली.

पुढे लुईने ज्याला-त्याला संधी देत आपले पद राखले. वस्तादाची प्रकृती मात्र ढासळत चालली. संधिवाताने सांधे धरले, हृदयही साथ देईना. ९ जानेवारी १९४२ रोजी बडी बेअरशी लढत होती. रिंगणाच्या पायऱ्या वारंवार चढणे आता आपल्याला झेपणार नाही, असे ब्लॅकबर्नने सांगितले. तुम्हाला एकदाच चढावे लागेल, असे लुईने त्याला आश्वासन दिले, आणि पहिल्याच फेरीत बेअरला बाद केले. त्या लढतीचे आपले उत्पन्न लुईने नौदलाच्या साहाय्यनिधीला दिले व तीनच दिवसांनी तो सैन्यात दाखल झाला. २७ मार्चला एब सायमनशी झालेल्या सामन्याच्या वेळी ब्लॅकबर्न रुग्णालयात होता. कोपऱ्यात मॅनी सीमन उभा राहिला. लुईने ती लढतही जिंकली. २४ एप्रिल १९४२ रोजी शिकागोत ब्लॅकबर्नचे हृदयविकाराने निधन झाले. त्याचे वय ५८ वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लुई पुन्हा रिंगणात उतरला आणि १ मार्च १९४९ रोजी स्वेच्छेने पद सोडीपर्यंत जगज्जेताच राहिला. एकंदर २५ वेळा त्याने ते पद राखले. त्यांतील शेवटच्या चार लढतींच्या वेळी तो वृद्ध गृहस्थ हयात नव्हता. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मान-दालनात जो लुईचे नाव १९९० मध्ये नोंदले गेले, जॅक ब्लॅकबर्नचे १९९२ मध्ये.