घटिकापात्र अडकलं, पण कळलं कुणालाच नाही : भास्कराचार्यांची गोष्ट

सर्व्हर बंद पडलाय आणि त्यावर लक्ष ठेवणारा एआय एजंट मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतोय. हा घोळ आजचा वाटतो ना? भास्कराचार्यांच्या नावावरची दंतकथा अशीच आहे. लेकीच्या, लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त मोजायला पाण्यात घटिकापात्र सोडलं. तळाला छिद्र असलेलं हे भांडं 24 मिनिटांत बुडायचं. छिद्रात मोती अडकला, पात्र तरंगतच राहिलं आणि मुहूर्त टळला. अर्थात, ही कथा सापडते ती फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशे वर्षांनंतर!

खरे भास्कराचार्य 1114 चे. वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या यंत्राध्यायात घटिकायंत्र आहे, शंकू आहे आणि सूर्याच्या उंचीवरून वेळ सांगणारं, त्यांनी स्वतः रचलेलं फलकयंत्रही. ते बनवायचं कसं, वाचायचं कसं, सगळं लिहिलंय. वर स्वतःच्याच ग्रंथावर भाष्य लिहून उत्तर तसंच का येतं तेही समजावलं. थोडक्यात, पक्कं डॉक्युमेंटेशन. तरी सगळ्यांत भारी यंत्र त्यांनी मानलं ते बुद्धीचं, धीयंत्र. ते असेल तर हातात साधी काठीही पुरते.

पण हे पुढे शिकवणार कोण? 1207 च्या सुमारास नातू चांगदेवाने (योगी चांगदेव वेगळे) जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. निकुंभ राजांनी दान दिलं. तिथल्या शिलालेखाच्या शेवटी मठाचं उत्पन्नही जुन्या मराठीत कोरलंय. त्यात तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेलसुद्धा आहे.