डॉ. कमला सोहोनी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९११ मध्ये, होळकरांच्या इंदुरात कमला भागवत यांचा जन्म झाला. मुलींना शाळेचे दार उघडत होते. विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे दार मात्र अद्याप बंद होते.

वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त सर्वप्रथम आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरून प्रवेश मिळविला, तोही वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी केलेल्या कामाने रामन यांचे मत पालटले आणि इतर विद्यार्थिनींचीही वाट मोकळी झाली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू पेशींपर्यंत पोहोचविते. पेशीत त्याचा विनियोग होण्यास सायटोक्रोम ही द्रव्ये लागतात. दोहोंच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. हिमोग्लोबिनचा स्वभाव प्राण्यागणिक बदलतो. उंदराचे रक्त प्राणवायू चटकन सोडते, तर हत्तीचे तो घट्ट धरून ठेवते; कारण लहान देहाची निकड मोठी असते. सायटोक्रोम-सी मात्र फारसे बदलत नाही. त्यातील १०४ अमिनो आम्लांपैकी माणूस व घोडा यांच्यात अवघ्या १२ ठिकाणी फरक असल्याचे पुढील संशोधकांना आढळले.

केइलिन यांनी १९२५ मध्ये प्राणी, किण्व व वनस्पती यांत सायटोक्रोम असल्याचे नोंदविले होते. कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्यासह बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या पेशींतील श्वसनात सायटोक्रोम-सीचा वाटा असल्याचे दाखवून दिले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

परदेशी न राहता त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधनशाळा येथे काम केल्यावर, १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या अध्यापिका व पुढे संचालिका झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. तीत जीवनसत्त्वांबरोबर लोहही आढळले आणि आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा उपयुक्त ठरली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले.

निवृत्तीनंतरही अन्नातील भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीती त्या गृहिणींना शिकवीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. पेशीच्या श्वासाचा शोध घेणारी त्यांची विद्या अखेर गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचली, हेच त्यांच्या जीवनाचे सार्थक होय.